तासाचा दर नंतर, आधी किमान तास

मूल सांभाळायला बाई ठरवताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तासाला किती घेता?" व्यवहार इथेच चुकीच्या टोकाने सुरू होतो. बोलावल्यावर कमीत कमी किती तासांचे पैसे मिळणार, महिन्याला किती तास नक्की, आणि ऐनवेळी "उद्या नको येऊ गं" म्हटलं तर काय, हे आधी ठरायला हवं. ते बोललं गेलं नाही, तर दर कितीही चांगला असो, दोन-चार महिन्यांत बाई सोडून जाते. मग "हल्ली माणसंच मिळत नाहीत" म्हणत आपण दुसरी शोधायला निघतो.

गोव्यात हे जास्त जाणवतं, कारण इथली अंतरं नकाशावर लहान दिसतात आणि बसने जायला लागलं की लांबतात. अस्नोड्याहून पर्वरीला कामाला येणाऱ्या बाईला म्हापशात बस बदलावी लागते. चोडणहून पणजीला यायचं तर फेरीबोटीची वाट पाहणं आलं. संध्याकाळी सातनंतर गावाकडच्या बसगाड्या विरळ होतात आणि दुपारी प्रवासी कमी असले की खासगी बसवाले फेरी गाळतात. हा सगळा वेळ तिच्या दिवसातून जातो, पण आपल्या हिशेबात त्याला जागाच नसते.

आकडेच मांडून बघू. येण्या-जाण्यात दीड तास आणि भाड्याला ४० रुपये जातात असं धरू. दोन तासांचं काम, तासाला १२० रुपये: हातात २४०, भाडं वजा जाता २००, आणि त्यासाठी घराबाहेर साडेतीन तास. म्हणजे तासाला जेमतेम ५७ रुपये. आता चार तासांचं काम, दर फक्त १०० रुपये: ४००, भाडं वजा जाता ३६०, घराबाहेर साडेपाच तास. तासाला ६५ रुपये. कमी दराचं काम तिला जास्त परवडलं. आणि एकाच तासासाठी कोणी उदार होऊन १५० रुपये दिले तरी ११० रुपये अडीच तासांना पुरवायचे, म्हणजे ४४ रुपये. "आम्ही तर तासाला दीडशे देतो" असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे कोणी टिकत नाही, याचं उत्तर या तीन ओळींत आहे.

किमान दर कुठून आणायचा

पहिला आधार सरकारी किमान वेतनाचा. गोवा सरकारच्या कामगार आयुक्तालयाचं कार्यालय पणजीत पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात आहे, आणि किमान वेतनाचे ताजे दर तिथून किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून मिळतात. मूळ वेतन आणि वर बदलता महागाई भत्ता अशी रचना असते; भत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तक्ता वापरू नका. घरकामाच्या बाईला यातला कोणता दर कायद्याने लागू होतो यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्याच्या खाली जायचं नाही एवढं स्वतःपुरतं ठरवावं.

दर रोजाचा असतो. दिवस आठ तासांचा धरायचा, महिना २६ दिवसांचा. समजा, रोज ५०० रुपये निघाला (हा आकडा फक्त सोप्या भागाकारासाठी), तर तासाचा किमान दर साडेबासष्ट रुपये. तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा ओळी असतात. मूल सांभाळणं अकुशलमध्ये टाकायची सवय फार पसरलेली आहे, आणि ती मला पटत नाही. सात महिन्यांच्या बाळाला भरवताना घास अडकला तर काय करायचं, ताप चढतोय हे कधी ओळखायचं, रडणं भुकेचं की कानदुखीचं, हे जिला कळतं तिच्या कामाला झाडू-पोछ्याची ओळ लावता येत नाही. कमीत कमी अर्धकुशल धरा. प्रथमोपचार शिकलेली किंवा तान्ह्या बाळांचा चांगला अनुभव असलेली असेल तर कुशल.

हा किमान दर म्हणजे ठरलेला दर नव्हे. त्यावर प्रवास, वेळेची मोडतोड आणि जबाबदारी चढवायची असते.

किमान तासांचं गणित

प्रत्येक वेळी किती तासांचे पैसे नक्की द्यायचे, हे अंदाजाने "तीन तास" म्हणून ठोकून देऊ नका. सरळ हिशेब आहे. तिच्या येण्या-जाण्याच्या तासांना किमान दराने गुणायचं, त्यात भाडं मिळवायचं. आलेल्या आकड्याला ठरलेला दर वजा किमान दर या फरकाने भागायचं. उत्तर म्हणजे किमान तास. तेवढे तास मिळाले तर प्रवास धरूनही ती किमान दराच्या खाली जात नाही.

वरचेच आकडे घालू. दीड तास गुणिले साडेबासष्ट म्हणजे ९३.७५, भाड्याचे ४० मिळवून १३३.७५. ठरलेला दर १०० असेल तर फरक साडेसदतीस. भागाकार साडेतीनच्या थोडा वर जातो, म्हणून किमान चार तास. आता भाडं वेगळं दिलंत तर ९३.७५ भागिले साडेसदतीस, बरोबर अडीच तास. चाळीस रुपये भाड्याने तुमची सक्तीची मर्यादा एका तासाहून जास्त खाली आली. ज्यांना रोज दोन-अडीच तासच माणूस हवं असतं त्यांनी भाडं देण्यावरून घासाघीस करणं म्हणजे स्वतःचंच नुकसान.

आणि शेजारच्याच वाड्यावरची बाई असेल, येऊन-जाऊन पंधरा मिनिटं, भाडं शून्य? तर उत्तर अर्ध्या तासाच्याही आत येतं. तिथे एक तासाचा किमान हिशेब पुरतो. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नये. ताळगावातून करंजाळ्याला चालत येणारी आणि डिचोलीहून दोन बस बदलून येणारी, यांच्या किमान तासांत फरक पडणारच. जवळची बाई दूरच्या बाईइतकाच किमान मागत असेल तर तेही चुकीचंच आहे असं नाही. त्या वेळेत तिने दुसरं घर सोडलेलं असू शकतं. तसं असेल तर तिला विचारावं आणि सोडलेलं काम हिशेबात धरावं.

दोन तुकड्यांत बोलावणं हा याच गणितातला सापळा आहे. सकाळी साडेसात ते नऊ मुलाला आवरून शाळेत सोडायचं, मग दीड ते सहा परत. मधले साडेचार तास ती ना घरी जाऊ शकत, ना दुसरं काम घेऊ शकत. अशा वेळी प्रत्येक तुकड्याला वेगळा किमान लावा, नाहीतर मधल्या वेळेचे अर्धे पैसे द्या. तिसरा उपाय तुम्हालाच स्वस्त पडेल: सकाळचा तुकडा आई-बापांपैकी कोणीतरी उरकावा.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची

"दोन ते सहा, चार तास" असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात बालरथ (शाळेची बस) किंवा शाळेची रिक्षा दीड-पावणेदोनला येते. ती यायच्या आधी बाई स्टॉपवर हवी, म्हणजे घराची किल्ली घेऊन सव्वाला हजर. संध्याकाळी पणजीतलं कार्यालय पावणेसहाला सुटलं तरी पर्वरीच्या कोंडीतून घरी पोचायला साडेसहा. सव्वा ते साडेसहा म्हणजे सव्वापाच तास. रोज सव्वा तास फुकट, महिन्याचे २२ दिवस धरले तर साडेसत्तावीस तास. आठ तासांचे तीन दिवस होऊन वर साडेतीन तास उरतात.

आल्याची वेळ घरात पाय ठेवल्यापासून किंवा स्टॉपवर उभं राहिल्यापासून, जे आधी असेल ते. सुटल्याची वेळ मूल तुमच्या ताब्यात दिल्यावर. दारात उभं राहून "आज काय खाल्लं, शी झाली का" विचारण्याची दहा मिनिटंही कामाचीच. उशीर झाला तर पंधरा मिनिटांच्या हप्त्यांनी मोजा आणि वरच्या हप्त्याला पूर्ण करा: वीस मिनिटं उशीर म्हणजे अर्ध्या तासाचे पैसे. दहा मिनिटांच्या आतला उशीर दोन्ही बाजूंनी माफ असावा, बस तिचीही चुकते. पण तुमच्या उशिरामुळे तिची शेवटची बस चुकली, तर पायलट (भाड्याची मोटारसायकल) किंवा टॅक्सीचे पैसे तुमचे. यावर चर्चा नको.

वहीत रोज आल्या-गेल्याची वेळ लिहायची आणि आठवड्याच्या शेवटी दोघींनी सही करायची. शंभर पानी वही पुरते. अ‍ॅप वगैरेच्या भानगडीत पडू नका. मोबाइल बदलला, रिचार्ज संपला, की हिशेब गेला.

महिन्याचा पगार काढताना

इथे एक चूक इतकी सरसकट होते की बहुतेकांना ती चूक वाटतच नाही. आठवड्याला २० तास, दर १०० रुपये, म्हणजे आठवड्याचे २,००० आणि महिन्याचे ८,०००. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाहीत. २,००० गुणिले ५२ भागिले १२ केलं की ८,६६७ येतात. चार आठवड्यांचा महिना धरला की वर्षाला पूर्ण ८,००० रुपये, म्हणजे एक महिन्याचा पगार, न देताच राहून जातो. मग चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तोच "बोनस" म्हणून दिला जातो.

महिन्याच्या करारात तास नक्की असले पाहिजेत: इतके तास आम्ही घेऊ किंवा न घेऊ, पगार तेवढ्याचा. मूल आजोळी गेलं, तुम्ही चार दिवस मुंबईला गेलात, आजी राहायला आली, यांतलं काहीही तिच्या हातात नसतं. तिचं वीजबिल आणि मुलांची फी मात्र चुकत नाही. मे महिन्याची सुट्टी मोठी असते, तेव्हा पूर्ण पगार जड जातो हे खरं. त्यावर मार्ग असा की वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायचं: मे महिन्यात तीन आठवडे काम नाही, त्यांतला एक आठवडा तिची भरपगारी रजा, उरलेल्या दोन आठवड्यांचे निम्मे पैसे, आणि त्या काळात तिला दुसरीकडे काम घ्यायची मोकळीक. एप्रिलच्या शेवटी "मावशी, मे महिन्यात येऊ नका हं" असं सांगितलं, तर जूनमध्ये मावशी परत येतीलच याची खात्री धरू नका.

मूल बालवाडीत जाऊ लागतं तेव्हा सगळ्यात जास्त नाती तुटतात. आठ तासांचं काम चार तासांवर येतं आणि पगार सरळ निम्मा केला जातो. तासाला ८० प्रमाणे आठ तासांचे रोज ६४०, २६ दिवसांचे १६,६४०. निम्मे केले की ८,३२०. पण तिचा प्रवास निम्मा झालेला नसतो. आठ तासांच्या दिवशी भाडं वजा जाता ६०० रुपये साडेनऊ तासांना पडत होते, तासाला ६३. चार तासांच्या दिवशीही तेवढेच पडायचे तर रोज साधारण ३८७ रुपये द्यावे लागतील, म्हणजे तासाला ९७. महिन्याला १०,००० च्या थोडे वर. कमी तासांचा दर जास्तच असतो. मूल शाळेत घालायच्या आधी दोन-तीन महिने हे बोलून घ्या, म्हणजे सकाळचं दुसरं घर शोधायला तिला वेळ मिळेल.

पगार सात तारखेच्या आत, शक्यतो बँकेत किंवा यूपीआयने. रोख दिली तर वहीत सही. उचल दिली तर रक्कम आणि महिन्याची कपात दोन्ही लिहा. पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापलं की तिचं घर चालत नाही, ती दुसरीकडून कर्ज काढते, आणि शेवटी दोन्ही बुडतात.

मुलं किती, वयं काय, आणि बाकीचं काम

दुसऱ्या मुलाचा दर दुप्पट नसतो, पण फुकटही नसतो. दोन्ही मुलं तीन वर्षांवरची असतील तर तासाच्या दरात पंचवीस टक्के वाढ ठीक. एक तान्हं आणि एक चालतं-पळतं असेल तर पन्नास टक्के, कारण हे मिश्रण सर्वांत अवघड: एकाला कडेवर घेतलं की दुसरं विहिरीकडे. जुळी तान्ही असतील तर दुप्पट म्हणायला लाजू नका. आणि तीन वर्षांखालची तीन मुलं एका बाईवर टाकायची असतील तर दराचा प्रश्न सोडा, ते करूच नये. शेजाऱ्यांचं मूल "खेळायला" आलं आणि तासाहून जास्त राहिलं, तर तेही मोजायचं मूलच.

मुलाचं जेवण, त्याची भांडी, त्याचे कपडे, त्याचा पसारा हे सगळं सांभाळण्यात येतं. बाकी येत नाही. गोव्यातल्या घरात घसरण कुठून सुरू होते हेही ठरलेलं आहे: अकराला नुस्तेवाली (मासे विकणारी) येते आणि "मावशी, तेवढे बांगडे साफ करून ठेवाल?" एवढ्यावरून. बांगडे साफ करायला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत हात मासळीचे, कोयता उघडा, आणि मूल मोकळं. पैशांआधी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मोठ्यांचा स्वयंपाक हवा असेल तर तो मूल झोपलेलं असताना किंवा शाळेतून यायच्या आधी, वेगळा वेळ आणि वेगळे पैसे ठरवून. अभ्यास घेणं हेही वेगळं काम. गृहपाठाला बसवणं सांभाळण्यात, शिकवणं शिकवणीत.

घरात आजी-आजोबा असतील तर सूचना कोणी द्यायच्या हे एकदा ठरवा. आई म्हणते मोबाइल नको, आजोबा हातात देतात, आणि संध्याकाळी बोलणी बाईला. हाही सोडून जाण्याचा एक मोठा मार्ग आहे, फक्त तो कोणी तोंडाने सांगत नाही; सांगताना "वहिनी, घरी अडचण आहे" एवढंच सांगतात.

रद्द करणं, पाऊस, सण

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रद्द केलं तर किमान तासांचे निम्मे पैसे, त्याच दिवशी केलं तर किमान तास पूर्ण. दोन दिवस आधी सांगितलं तर काही नाही. हे तात्पुरत्या कामाला. महिन्याच्या पगारावर असेल तर प्रश्नच येत नाही, पगार तोच. तिने ऐनवेळी रद्द केलं तर दंड लावू नये. त्या दिवसाचे पैसे मिळणार नाहीत एवढंच पुरे, आणि महिन्याची असेल तर रजेत धरा. दंड लावला की ती तापातही येते आणि ताप मुलाला देऊन जाते.

पावसाळ्यात रेड अलर्ट आला की सरकार शाळांना सुट्टी देतं, कचेऱ्यांना देत नाही. मूल दिवसभर घरी, आणि तुम्हाला चार तासांऐवजी नऊ तास माणूस हवं. ती सकाळी दुसऱ्या घरी जात असेल तर येऊच शकणार नाही, आणि त्यात तिची चूक नाही. त्या दिवसांसाठी आधीच विचारून ठेवा: जमेल का, आणि जमलं तर जादा तास कोणत्या दराने. कारखान्यात आठ-नऊ तासांवरच्या कामाला दुप्पट दर कायद्यानेच मिळतो. घरात निदान दीडपट द्या. पाणी भरल्यामुळे किंवा फेरीबोट बंद असल्यामुळे ती पोचूच शकली नाही, तर महिन्याचा पगार कापू नका. वर्षात असे दिवस दोन-चारच येतात.

सणांचं पंचांग जूनमध्येच मांडावं. चवथीला तिला तिच्या गावच्या घरी जावं लागणार, तेही दीड दिवसांच्या नव्हे तर पाच दिवसांच्या गणपतीला. शिरगावच्या लईराई देवीची धोंड (व्रत पाळणारी भक्त) असेल तर जत्रेआधीचे व्रताचे दिवस ती येणार नाही. नाताळ, कार्निव्हल, तीन डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, गावची जत्रा, शिगमो. तिच्या घरचे चार-पाच मोठे सण भरपगारी सुट्टीत घाला. त्या दिवशी कामाला यायला ती स्वतः तयार असेल तर दुप्पट. आठवड्याची एक सुट्टी आहेच. वर्षाची भरपगारी रजा किती, याला कारखान्यांचा जुना नियम चांगला मोजदंड आहे: कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस. महिन्याला २६ दिवस येणाऱ्या बाईला वर्षाला साधारण १६ दिवस मिळतात. आजारपण याहून वेगळं.

रात्रीचं आणि सीझनचं काम

ऑक्टोबर ते मार्च किनारपट्टीवर वेगळाच बाजार उघडतो. व्हिलात उतरलेली कुटुंबं, लग्नाला आलेली वऱ्हाडं, संध्याकाळी सात ते मध्यरात्र कोणीतरी हवं असतं. इथे महिन्याचा दर लावून चालत नाही. अनोळखी मूल, अनोळखी घर, बाजूला जलतरण तलाव, आणि परतायला बस नाही. एकदाच्या अशा कामाला किमान चार तास, दर रोजच्या दराच्या दीडपट, २४ आणि ३१ डिसेंबरला दुप्पट. निम्मे पैसे आगाऊ घ्या. मुलं किती आणि कोणत्या वयाची हे फोनवर ठरलेलं असावं. पोचल्यावर "यांचीही दोन आहेत" निघालं तर दर तिथल्या तिथे बदलतो, नाहीतर परत फिरायचं. नेण्या-आणण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची, आणि घराच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ कामाचा. ज्या घराला तलाव आहे आणि त्याला कठडा किंवा कुलूपबंद दार नाही, तिथे दर कितीही असो, दोनहून जास्त मुलं घेऊ नयेत.

रात्रभर राहायचं असेल तर आधी एक प्रश्न: मूल रात्री उठतं का? उठत नसेल तर झोपेच्या तासांना कमी दर चालतो, पण किमान दराच्या खाली नाही. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तास, ६५ रुपयांनी ६५० होतात. मध्ये उठावं लागलं तर त्या तासाला पूर्ण दर, पाच मिनिटांसाठी उठलं तरी एक तास धरून. एक वर्षाखालच्या बाळाची रात्र ही झोपेची रात्र नसते. तिला पहिल्यापासून पूर्ण दर, आणि दुसऱ्या सकाळी तिच्याकडून काम नको. झोपायला वेगळी खाट, पंखा आणि आतून कडी लागणारं न्हाणीघर हे दरात मोजायचं नसतं, ते असलंच पाहिजे.

ठरवण्याआधी आणि सोडताना

वयाचं पहिलं. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. शेजारची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सुट्टीत तास-दोन तास बाळाशी खेळते, त्यात गैर काही नाही, पण घरात मोठं माणूस असतानाच. एकटीवर मूल टाकू नये. आणि तिलाही पैसेच द्या, जुना फ्रॉक नव्हे.

आधार कार्डाची प्रत आणि पोलिस ठाण्यात पडताळणीचा अर्ज, हे तिला समजावून सांगून करा. घरात कॅमेरा असेल तर कुठे आहे ते दाखवा. एजन्सीमार्फत आली असेल तर एजन्सीचे पैसे कोणी द्यायचे आणि ती सोडून गेली तर किती दिवसांत दुसरी, हे लेखी घ्या. तिच्या पगारातून दलाली कापणारी एजन्सी टाळा, कारण तो पैसा शेवटी ती तुमच्याकडेच उचल म्हणून मागते.

चाचणीचा आठवडा पूर्ण पगाराचा. पहिले दोन दिवस तुम्ही घरी, तिसऱ्या दिवशी दोन तास बाहेर, असं वाढवत न्या. फ्रीजवर एक कागद: दोघांचे नंबर, जवळच्या एका माणसाचा नंबर, डॉक्टर, १०८, ११२, मुलाची अ‍ॅलर्जी, आणि "फोन केल्याशिवाय कोणतंही औषध नाही" ही ओळ. तिच्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये भरा, अपघाताला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. तिच्याच बँक खात्यातून ते होतं. ई-श्रम पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या घरकामगारांना मोफत नोंदणी करता येते, अर्ध्या तासाचं काम आहे, तुमच्याच संगणकावर करून द्या. आणि तिलाही हे माहीत असावं की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांना लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

दर वर्षातून एकदा वाढवायचा, महिना ठरवून. किमान वेतनाचा आकडा जितक्या टक्क्यांनी वर गेला असेल निदान तितक्या टक्क्यांनी. "बघू पुढे" या उत्तराला तारीख नसते.

सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना. आठवड्याला दहा तासांहून कमी काम असेल तर पंधरा दिवस पुरे. तुम्हाला सूचना द्यायची नसेल तर तेवढा पगार हातात द्या. शेवटच्या दिवशी उरलेल्या रजेचे पैसे, उचलीचा हिशेब, आणि एक साधं पत्र: कधीपासून कधीपर्यंत होती, मुलांची वयं काय होती, रोज किती तास, काय काय करायची, आणि खाली तुमचा फोन नंबर. पुढच्या घरी दर ठरवताना तिला हा कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो, म्हणून त्यात "स्वभावाने चांगली" एवढंच लिहून थांबू नका. दहा महिन्यांचं बाळ दिवसाला आठ तास एकटीने सांभाळलं, असं आकड्यांत लिहा.